स्वतःच्या पायावर उभा खेळ

पुंजाराम म्हस्के फुलंब्रीहून शहरात कॉलेजला आला, तेव्हा त्याला आपल्या उंचीची लाज वाटायची. गोठ्यात शिरायचं तर वाकून, एस.टी.त चढायचं तर वाकून, सोयऱ्यांच्या लग्नात मांडवाखाली उभं राहायचं तर मान खाली घालून. गावात माळवदावर चढायला घरोघरी भिंतीला तिरपी लावलेली निसण असे. पुंजारामही कायम तसाच कशाला तरी टेकून उभा राही, म्हणून पोरांनी त्याचं नावच 'निसण' पाडलं होतं. बाप म्हणायचा, एवढा वाढला पण कामाचा नाही. खुरपायला बसला तर गुडघे कानाला लागतात. त्याला कॉलेजात घातलं ते शिकून साहेब व्हावा म्हणून कमी आणि डोळ्यांआड राहावा म्हणून जास्त.

ते साल एक्क्याऐंशीचं. फी भरायच्या रांगेत तो भिंतीला टेकून उभा होता. पांढरा सदरा, पांढरी पँट आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला एक म्हातारा रांगेच्या कडेनं चालत आला आणि त्याच्यासमोर थांबला.

"सरळ उभा राहा."

"सरळच हाय सर."

"नाहीस. भिंत सोड."

पुंजारामनं भिंत सोडली. म्हाताऱ्यानं मान वर करून त्याच्याकडं असं बघितलं, जसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. हसला नाही, चिडवलं नाही. हाताला धरून त्याला मागच्या मैदानावर घेऊन गेला. तिथं मातीच्या पट्टीवर दोन लाकडी खांब होते, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांना लोखंडाच्या कड्या.

"ती रिंग दिसते? लोकांना वाटतं ती फार वर आहे. तुझ्यासाठी ती बरोबर जागेवर लावलेली आहे."

हे दत्तोपंत सर. कॉलेजात व्यायाम शिकवायचे. वडील निजामाच्या महसुलात कारकून होते, म्हणून सरांचं शिक्षण हैदराबादला झालं होतं आणि तिथंच हा खेळ त्यांच्या हाती लागला होता. रझाकारांच्या दंगलीत वसतिगृह सुटलं आणि ते घरी परतले. पोलीस ॲक्शननंतर सगळं निवळलं, पण पुन्हा हैदराबादला काही जाणं झालं नाही. शहरात बास्केटबॉल म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. सरांनी पदरमोड करून रिंगा बनवून घेतल्या आणि जन्मभर पोरं गोळा केली. लग्न केलं नाही. लोक त्यांना मागून 'चेंडूबुवा' म्हणत.

पुंजाराम त्या मैदानावर सरळ उभं राहायला शिकला. समोरच्याला पाठीनं कसं अडवून धरायचं, रिंगवरून उसळलेला चेंडू दोघातिघांच्या वरून कसा ओढायचा, पाय कुठं रोवायचा, सगळं सरांनी शिकवलं. खेळ झाल्यावर ते मैदानाच्या कडेला बसत आणि एकच गोष्ट सांगत.

"हे बघ पुंजाराम, कुस्तीला राजेरजवाडे होते. क्रिकेटलाही राजे होते, मग लोक आले. आपल्या खेळाला कोण आहे? रेल्वे, पलटण आणि पोलीस. ते काय करतात? खेळाडूला नोकरी देतात. खेळ त्यांच्या दारात बांधलेला आहे. घातलं तर खाईल. ज्या दिवशी माणसं स्वतःच्या खिशातून तिकीट काढून हा खेळ बघायला येतील, त्या दिवशी हा स्वतःच्या पायावर उभा राहील. मी नसेन तेव्हा. तू असशील."

पुंजारामला तेव्हा त्यातलं फारसं कळलं नाही. आपण सरळ उभे राहतो आणि कुणी हसत नाही, एवढंच त्याला पुरेसं होतं. सर पुढं तीन-चार वर्षांनी गेले. मयतीला म्हातारे नातेवाईक थोडे आणि उंच पोरंच जास्त होती.

वाळूजच्या माळरानावर तेव्हा कारखाने उभे राहू लागले होते. त्यांतल्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे मालक तरुणपणी बास्केटबॉल खेळलेले होते. त्यांच्या डोक्यात आलं, आपल्या कंपनीची टीम असावी. मराठवाड्यातून, नागपुराकडून, कोल्हापुराकडून त्यांनी उंच पोरं वेचून आणली. पुंजाराम कागदावर हेल्पर होता. दुपारपर्यंत पंपांना नट आवळायचे आणि दुपारनंतर कंपनीच्या आवारातल्या सिमेंटच्या कोर्टावर घाम गाळायचा.

त्या वर्षांबद्दल पुंजाराम पुढं फारसं बोलायचा नाही. पण ज्यानं त्याला तेव्हा बघितलं, तो सांगेल की तो माणूसच वेगळा होता. जमशेदपूर, लुधियाना, कोइमतूर. रेल्वेच्या डब्यात त्याचे पाय बर्थच्या बाहेर लोंबायचे आणि येणारा-जाणारा त्यांना धडकायचा. एकदा जबलपूरला त्यांनी रेल्वेच्या नामांकित टीमला हरवलं. शेवटचा चेंडू पुंजारामनं बोर्डावरून ओढला आणि तो हातातून सोडलाच नाही. शिट्टी झाली तरी तो पोटाशी धरून उभा राहिला. मालक धावत कोर्टात आले आणि त्यांचे हात खांद्यापर्यंत पोचेनात, म्हणून त्यांनी त्याच्या कमरेलाच मिठी मारली.

त्याच हंगामात मनकर्णा त्याच्या घरात आली. पिशोरकडची, अंगानं लहानशी. लग्नात अंतरपाट धरणाऱ्यांची पंचाईत झाली. कपडा वर धरावा तर नवरी खालून दिसायची, खाली धरावा तर नवरदेव वरून. मनकर्णा ही गोष्ट पुढं आयुष्यभर सांगायची आणि स्वतःच हसायची. बजाजनगरात त्यांनी खोली घेतली.

पंच्याण्णवच्या सुमाराला मालकांना अर्धांगवायूचा झटका आला. कारभार मुलाच्या हाती गेला. मुलगा वाईट नव्हता. पण बाहेरच्या कंपन्या देशात येत होत्या, पंप स्वस्त झाले होते, आणि त्याला खर्चात जे जे दिसलं ते त्यानं छाटलं. एका सकाळी टीमला कँटीनमध्ये बोलावलं. तो उभ्या उभ्याच बोलला.

"तुम्ही खूप केलंत कंपनीसाठी. पण मला आता ठरवायचं आहे, कंपनी पंप विकते की चेंडू खेळते."

हर्सूलचा फकिरा, टीममधला सगळ्यात चपळ गडी, तेवढा उठून बाहेर गेला. तो पुढं रिक्षा चालवू लागला. बाकीच्यांना तीन पाळ्यांत कामाला लावलं. पुंजारामचा उजवा गुडघा तोवर कुरकुरू लागला होता, मशीनवर उभं राहणं जमेना, म्हणून त्याला गेटवर वॉचमन केलं. येणारे-जाणारे म्हणायचे, कंपनीनं गेटला मनोरा बांधलाय. कोर्टावर पंपांच्या लाकडी पेट्या रचल्या गेल्या. पेट्यांसाठी जागा कमी पडली तेव्हा पोल उपटायचं ठरलं. पुंजारामनं साहेबाला विचारून एक पोल बोर्डासकट मागून घेतला, टेम्पोत घालून आणला आणि खोल्यांच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर खड्डा खणून उभा केला.

मनकर्णा म्हणाली, "कुनासाठी?"

"असू दे."

"दुसऱ्याच्या दारातलं खाऊन बघितलं ना एकदा?"

पुंजाराम त्या दिवशी पहिल्यांदा सरांसारखं बोलला. "खेळाचा दोष नाय मनकर्णा. खेळ एका माणसाच्या मर्जीवर होता. मर्जी गेली, खेळ गेला. जव्हा लोक तिकीट काढून बगतेल ना, तव्हा कोनाच्या बापाला बंद करता येनार नाय."

मनकर्णा घराकडं वळली. तिला दिवस गेलेले होते.

मुलगी झाली. पुंजारामच्या आईच्या नावावरून तिचं नाव द्वारका ठेवलं. पोरगी बापावर गेली. शाळेत बाकावर मावेना, फ्रॉक दर दिवाळीला वीतभर आखूड व्हायचा, आणि गल्लीतल्या बाया मनकर्णाला म्हणायच्या, हिला नवरा कुठून आणशील गं? पुंजारामनं ते ऐकलं की तो पोरीला प्लॉटवर घेऊन जायचा. "मान वर," म्हणायचा. "कुनी बघत असंल तर आनखी वर."

त्यानं तिला शिकवलं ते सगळं, जे त्याला येत होतं. आणि जे येत नव्हतं ते तिला जन्मतःच होतं. पुंजाराम ताकदीनं खेळायचा. द्वारका नजरेनं खेळायची. चेंडू कुठं पडणार ते तिला आधी कळायचं. ती विद्यापीठाकडून खेळली, मग महाराष्ट्राकडून. सिकंदराबादला एका स्पर्धेत रेल्वेच्या मुलींच्या टीमच्या कोच भानुमती मॅडमनी तिला बघितलं आणि सामना संपल्यावर त्या थेट तिच्यापाशी आल्या. पुढच्या उन्हाळ्यात रेल्वेचं बोलावणं आलं. खेळाडूंच्या कोट्यातून कायमची नोकरी.

मनकर्णानं गल्लीत पेढे वाटले.

आणि त्याच महिन्यात लीग आली. म्हणजे तशी ती वर्तमानपत्रात आधीच आली होती. सहा शहरांच्या टीम, पुरुषांच्या आणि बायकांच्या वेगळ्या, टीव्हीवर सामने, देशात पहिल्यांदाच निव्वळ खेळायचा पगार. द्वारकेला पुण्याच्या टीममध्ये घ्यायचं म्हणून लीगचा माणूस गाडी घेऊन बजाजनगरात आला. कोवळा, गोरापान, सुटातला. खोलीत खुर्ची एकच होती, ती त्याला दिली. तो हिंदीत बोलत होता.

"अंकल, क्रिकेट के बाद अब यही है. दस साल में देखना."

पुंजारामनं त्याला एकच प्रश्न विचारला. "तिकीट हाय का?"

"मतलब?"

"लोक तिकीट काढून बगतेल का?"

"बिलकुल. टिकट के बग़ैर तो कोई अंदर ही नहीं आएगा, अंकल."

माणूस गेला. मनकर्णा शेगडीपाशी पाठ करून बसली होती. ती न वळता बोलली, "रेल्वे कुठं पळून जात नाय. सरकार हाय. हे पोरगं सुटातलं, उद्या दुसऱ्याच्या दारात दुसरंच सांगंल."

"तुला कळत नाय त्यातलं."

"मला तुमचं गेट कळतं."

द्वारका दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बावीस वर्षांची पोर. समोर दोन वाटा, आणि डोळे बापाकडं.

"आप्पा, तुमी म्हनाल तसं."

त्याला म्हणता आलं असतं, तुझं तू ठरव. पुढं कितीतरी वर्षं तो हे वाक्य मनात म्हणून बघायचा. पण त्या संध्याकाळी त्याच्या डोळ्यांपुढं लाकडी पेट्या होत्या, आणि सरांचं ते बोलणं होतं, आणि त्याला खरंच वाटलं की ज्या दिवसाची वाट बघत एक माणूस मेला आणि दुसरा गेटवर उभा राहून म्हातारा झाला, तो दिवस दारात आला आहे.

"लीग," तो म्हणाला. "नोकरी मंजी दावं. मी ते दावं बगितलंय."

पहिला हंगाम हिवाळ्यात झाला. पुंजाराम सुट्टी काढून पुण्याला गेला. इतकं मोठं बंद मैदान त्यानं आयुष्यात बघितलं नव्हतं. लाकडाची फरशी आरशासारखी. दिवे गेले, धूर सुटला, कानठळ्या बसवणारं गाणं लागलं आणि एकेक खेळाडू उजेडाच्या गोलातून पळत आत येऊ लागली. भोंग्यातून आवाज घुमला, "द्वारकाऽऽ म्हस्के!" आणि त्याची लेक मान वर करून आत आली. पाठीवर तिचं नाव होतं. त्याचं नाव होतं. सगळे बाक भरलेले होते, माणसं उभी राहून ओरडत होती. पुंजारामनं डोळे पुसले नाहीत. तसंच ओघळू दिलं.

मध्यंतरात शेजारच्या पोरानं त्याच्याकडं वर मान करून बघितलं. "काका, तुम्ही पण खेळायचात का?"

"व्हय. मागं. तू कुटून आलास?"

"हिंजवडीच्या कॉलेजातून. आमची सगळी बॅच आलीय."

"तिकीट केवढ्याला पडलं?"

पोरगं हसलं. "तिकीट कसलं काका? बस पाठवली होती त्यांनी. टी-शर्ट दिला, वडापाव दिला. ओरडा म्हणाले. टीव्हीत भरलेलं दिसायला पाहिजे ना."

पुंजारामनं आजूबाजूला बघितलं. मघाशी त्याला नुसती गर्दी दिसली होती. आता त्याला दिसलं की एका बाजूचे सगळे पिवळ्या टी-शर्टात आहेत आणि दुसऱ्या बाजूचे सगळे निळ्या. हातात काठी घेतलेला एक माणूस पुढं उभा राहून खुणा करत होता. तो हात वर करायचा आणि गर्दी ओरडायची.

दुसऱ्या अर्ध्यात द्वारका अशी खेळली की तिच्या बापाला कुठं बघावं कळेना. सामना ते जिंकले. ती घामानं निथळत त्याच्यापाशी आली.

"कसं वाटलं, आप्पा?"

"लई झकास," पुंजाराम म्हणाला. "एवढी मानसं!"

तिनं क्षणभर त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग हसली आणि त्याला घेऊन बाकीच्या मुलींशी ओळख करून द्यायला गेली.

हंगाम संपला. उन्हाळ्याच्या तोंडी भानुमती मॅडमचा फोन आला, तो पुंजारामच्याच फोनवर. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"म्हस्के, जागा अजून आहे. पोरीला पाठवा. बास्केटबॉलची संघटना त्या लीगच्या विरोधात आहे, पुढच्या वर्षी तिथं खेळलेल्यांना दारं बंद करणार आहेत. मी वर बोलून ठेवलंय, पण पुन्हा मला बोलता येणार नाही."

"इचारतो मॅडम."

त्यानं विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण असं: "रेल्वेच्या बाईचा फोन होता. आता तुझं नाव टीव्हीवर येऊ लागलं, तर आठवन झाली." द्वारका भांडी आवरत होती. तिनं हात थांबवला. "मग काय करू?" आणि पुंजारामच्या जिभेवर त्या पोराचा वडापाव आला, पिवळे-निळे टी-शर्ट आले, काठीवाला माणूस आला. हे सगळं त्यानं गिळलं. त्याला सोडवत नव्हतं. एकदा कँटीनमधून उठून गेलेला खेळ इतक्या वर्षांनी दिव्यांच्या उजेडात त्याचं नाव घेत परत आला होता. तो खोटा आहे असं त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणवेना.

"दुसरं वर्स बगू. नवं रोप हाय, धरायला येळ लागतो."

दुसरा हंगाम दिवाळीनंतर होणार होता. मग संक्रांतीनंतर. मग टीव्हीवाल्यांशी बोलणी चालू आहेत असं कळलं. मग लीगच्या माणसाचा फोन लागेना. मुली एकमेकींना फोन करत राहिल्या. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. पुण्याच्या कचेरीत जाऊन आलेल्या एकीनं सांगितलं की तिथं आता दातांचा दवाखाना आहे. लीग बंद झाली असं शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. ती नुसती यायची थांबली.

संघटनेनं मात्र सांगितलं, आणि छापून सांगितलं. त्या लीगमध्ये खेळलेल्यांना राज्याकडून, देशाकडून खेळता येणार नाही. रेल्वेची जागा भरली गेली होती. पुंजारामनं लाज गुंडाळून भानुमती मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना हो तुम्हाला." त्यांचा आवाज रागावलेला असता तर बरं झालं असतं.

द्वारका घरी बसली नाही. मॉलच्या आवारात, बिल्डरांच्या जत्रेत तिघी-तिघींचे सामने होत. रंग दिलेल्या काँक्रीटवर, ढोलताशात. जिंकलं तर काही मिळे, हरलं तर जायचं-यायचंही स्वतःचं. चेन्नई, इंदूर, सुरत, जिथं असेल तिथं ती जायची. सुरतेला एका पार्किंगमध्ये उडी मारून खाली येताना तिचा पाय तेलाच्या डागावर पडला. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. शहरातल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, चालता येईल, जिनाही चढता येईल. उडी विसरा.

ती विसरली. निदान तसं दाखवलं तरी. वाळूजला ऑनलाइन मागवलेला माल जिथून रवाना होतो त्या गोदामात तिला काम मिळालं. तिथं रॅक छतापर्यंत गेलेले, शिडी आणायचा कंटाळा आला की सुपरवायझर हाक मारी, "म्हस्के, वरचं काढ." ती सकाळी जायची, पाय जड करून संध्याकाळी यायची, जेवायची, झोपायची. बापाशी बोलायची, नाही असं नाही. गॅस संपलाय, लाइट गेलती, मामाचा फोन आला होता. खेळाचा एक शब्द नाही. पुंजाराम रिटायर होऊन घरी बसला होता आणि रोज वाट बघायचा की आज ती बोलेल. आज भांडी आपटेल. आज म्हणेल, तुमच्यापायी झालं. ती म्हणायची, "आप्पा, गोळी घेतली का?"

एका रविवारी तो ओट्यावर बसला होता. आत मायलेकी मेथी निवडत होत्या. दार उघडं होतं. आपलं बोलणं बाहेर ऐकू जातंय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. मनकर्णा विचारत होती, कशी काय गं बंद पडली एवढी मोठी लीग? टीव्हीत तर मुंगी शिरायला जागा नव्हती.

"ती मानसं खरी नव्हती, माय. बशीनं आनायचे. सकाळी आमीच टी-शर्टाची गठुडी सोडून बाकाबाकावर ठिवायचो. मी सवता ठिवलेत."

"मंग तुला तव्हाच कळलं व्हतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मंग कामून नाय सोडलं? ती रेल्वेची बाई बोलवत होती की."

आतून मेथीची काडी मोडल्याचा आवाज आला.

"सोडनारच व्हते. पण आप्पा पुन्याला आले. तू बगाया पायजे व्हतं माय त्यांचं तोंड. मी त्यांना कधीच तसं बगितलं नव्हतं. मंग फोन आला तव्हा मला वाटलं, त्यांना काय सांगू? तिकीटच नाय म्हनून? लई खूश व्हते गं ते."

पुंजाराम ओट्यावरून उठला. चपला न घालताच गल्लीच्या टोकापर्यंत गेला, हमरस्त्यावर शिफ्ट सुटलेल्या बसगाड्या जात होत्या त्या बघत उभा राहिला. दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनीही एकमेकांचं तोंड बघून गिळलं होतं. एकानं जरी तोंड उघडलं असतं तर पोरगी आज रेल्वेत असती. हे कुणाला सांगायचं? आत जाऊन तिला सांगावं, मलाबी ठावं होतं, तर तिच्यापाशी जे एक शिल्लक होतं तेही जाईल: आपण बापासाठी काहीतरी केलं. तेवढं तिच्याकडं राहू द्यावं असं त्यानं ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा, त्याच्यात दुसरं काही करायची ताकद नव्हती. तो परत आला तेव्हा मेथीची भाजी झाली होती. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या आणि भाजी चांगली झाली असं म्हणाला.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं मागच्या लायनीतली साळूबाई आपल्या मुलीला घेऊन आली. नवरा कंपनीत कंत्राटावर. मुलगी सातवीतली, पण आईच्या डोक्यावरून गेलेली.

"दादा, हिला शिकवा जरा," साळूबाई म्हणाली. "दिवसभर त्या मागच्या प्लॉटवर असती. आता म्हनं पुन्हा नवी लीग निघनार हाय, मोबाइलवर आलंय. हिच्या उंचीचं काही तरी सोनं हुईल."

मुलगी पुंजारामकडं टक लावून बघत होती. तिला उत्तर घाईनं पाहिजे होतं, हे तिच्या पायांवरून कळत होतं. ते एका जागी ठरत नव्हते. पुंजारामनं तिला नुसतं बघितलं आणि त्याला कळलं, हिला येणार. शिकवलं तर ही फार पुढं जाणार.

"शाळेत कितवा नंबर येतो?" त्यानं विचारलं.

"बरा येतो."

"मंग नर्सिंगला घाला पुढं. नायतर पोलिसात. तिथं उंची लागती." त्यानं उजवा गुडघा चोळला. "मी नाय शिकवत आता. गुडघे गेले माझे."

"दादा, नुसतं सांगितलं तरी..."

"नाय म्हनलं ना बाई."

मुलीचा चेहरा पडला. साळूबाई पदर सावरत, काही न कळल्यासारखी निघून गेली. पुंजाराम दारात बसून राहिला. संध्याकाळी द्वारका कामावरून आली. पायरी चढताना तिनं हात गुडघ्यावर ठेवला.

"साळूबाई भेटली चौकात," ती म्हणाली.

पुंजारामनं वर बघितलं. "काय म्हनली?"

"रडत व्हती पोरगी तिची. तुमी नाय म्हनलात म्हनून."

"मंग?"

आता ती भांडेल, असं त्याला वाटलं. आता म्हणेल, तुम्ही कोण तिला नाही म्हणणारे? म्हणेल, मी शिकवते तिला, बाजूला व्हा. ही एक गोष्ट आपल्याला अजून हवी आहे, हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ती रागावली तर खेळ तिच्या पोटात कुठंतरी जिवंत आहे.

द्वारकेनं पिशवी खुंटीला अडकवली. "बरं केलं आप्पा," ती म्हणाली, आणि पाणी तापवायला आत गेली.

पुंजाराम बसला होता तसाच बसून राहिला. आतून मनकर्णानं जेवायला हाक मारली. त्यानं व्हय म्हटलं, पण तो उठला नाही. तिनं पुन्हा हाक मारली.